नववीनंतर बाबांची बदली झाली तर सगळ्यांनी जावं, की दहावी होईपर्यंत आई आणि मी इथेच राहावं?

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. तू नाशिकला नववीत, सेमी इंग्रजीत. बाबांची नागपूरला बदली होण्याची चिन्हं आहेत. काकांचं म्हणणं, दहावीच्या वर्षी पोराला हलवू नका, आईला आणि त्याला इथेच राहू द्या. दिवस शाळा, क्लास आणि मोबाईल यांत जातो. रात्री झोपायच्या आधी भयकथा आणि रहस्यकथा वाचतोस, आणि त्यावरून घरात बोलणी खातोस.

जा. सगळ्यांनी मिळून जा. पुस्तकंही घेऊन जा.

इतक्या ठामपणे सांगतेय, कारण 1994 च्या मे महिन्यात आमच्या घरात हीच चर्चा चालली होती. बाबा बँकेत होते, बदली कोल्हापूरहून परभणीला. माझी नववी नुकतीच संपली होती. मोठे मामा कोल्हापुरातच राहायचे. रोज संध्याकाळी ते येऊन बसायचे आणि चहा संपेपर्यंत एकच सांगायचे, "पोरीला माझ्याकडं ठेवा. परभणीत काय शिकणार ती?" मला कुणी काही विचारत नव्हतं. मी आतल्या खोलीत, दार अर्धवट लावून ऐकत बसायची. शेवटी बाबा एवढंच म्हणाले, "ती आमच्याबरोबर येईल." तो विषय तिथं संपला.

मग मामांनी पुस्तकांकडे मोर्चा वळवला. सामानाची बांधाबांध चालली होती, ट्रकमध्ये जागा कमी पडेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. माझ्याकडे नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या होत्या, बाबुराव अर्नाळकरांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा होत्या, फुटपाथवरून घेतलेले दिवाळी अंक होते. मामांनी ते सगळं एका गोणपाटावर काढलं. "ही भुताखेतांची रद्दी कशाला वाहून न्यायची?" म्हणाले आणि रद्दीवाल्याला हाक मारली. त्याने गठ्ठ्याला सुतळी बांधली, तराजूच्या आकड्याला लटकवला, आणि सुतळीचा काच बसून सगळ्यात वरच्या कादंबरीचं मुखपृष्ठ मधोमध फाटलं. वजन झालं, पैसे मामांनी आईच्या हातात दिले. आई काही बोलली नाही. शिवणयंत्र मात्र ट्रकमध्ये मावलं, माळ्यावरची मोडकी खुर्चीसुद्धा मावली.

मला त्याचा आजही राग येतो. ती पुस्तकं मी खाऊच्या पैशांतून एकेक करून जमवली होती.

परभणीत पहिले काही आठवडे वाईट गेले, ते लपवत नाही. ऊन निराळं, वर्गातलं बोलणं निराळं, मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. त्यातून मला बाहेर काढलं ते तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने. माझं कार्ड बालविभागाचं होतं आणि धारप होते मोठ्यांच्या कपाटात. ग्रंथपाल काकांनी आधी माझ्याकडे, मग पुस्तकाकडे पाहिलं, रजिस्टरमध्ये दाखल क्रमांक लिहिला आणि म्हणाले, "रात्री वाचू नको, बेटा. दिवसा वाच." बस, एवढंच. कुठल्याही मोठ्या माणसाने माझ्या वाचनावर इतकं कमी बोलणं हे पहिल्यांदाच घडत होतं. ती पुस्तकं जाड खाकी पुठ्ठ्यात बांधलेली असायची, दर काही पानांवर जांभळा शिक्का. एका रहस्यकथेत तर आधीच्या कुणा वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी चिडून ते खोडरबराने पुसलं, आणि तरीही पूर्ण पुस्तक वाचलं, कारण खून कुणी केला हे कळल्यावरही तो कसा उघडकीला येतो हे पाहायचं होतं. गोष्ट कशी रचतात याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्या पुस्तकात.

शाळेतली पहिली मैत्रीणसुद्धा धारपांमुळेच मिळाली. दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाखाली कादंबरी दिसली आणि शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "तुझं झाल्यावर मला देशील?" तिच्या घरी वडिलांनी जपलेल्या दिवाळी अंकांची अख्खी ट्रंक होती. तेव्हापासून हसणाऱ्या बाकाचं मला काही वाटेनासं झालं.

आता तुझ्या वाचनाबद्दल. "हे काय वाचतोस, काहीतरी चांगलं वाच" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांग. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत एका विज्ञानकथेला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, म्हणजे आपल्या प्रसिद्ध नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये. त्याच नारळीकरांना 2021 साली तुझ्याच नाशिकमध्ये झालेल्या 94व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. तेव्हा विज्ञानकथा, रहस्यकथा, भयकथा म्हणजे खालच्या दर्जाचं वाचन, हे मला कुणी सांगू नये. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठीच्या कितीतरी वाचकांना वाचायची गोडी त्यांनीच लावली. मी शाळेत मराठी शिकवते. पंधराव्या वर्षी जो आवडीने धारप वाचतो, त्याला पुढे जड पुस्तकाची भीती वाटत नाही. ज्याच्या हातात जबरदस्तीने "संस्कारक्षम" पुस्तक कोंबलं जातं, तो परीक्षा संपली की वाचन सोडतो. हे मी वर्गात दरवर्षी बघते.

बदलीचं म्हणशील तर राज्य मंडळ नाशिकला आहे तेच नागपूरला आहे. विभागीय मंडळं नऊ आहेत, तुझं नाशिकचं बदलून नागपूरचं होईल. पुस्तकं बालभारतीचीच, अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिकेचा साचा तोच. "वर्ष वाया जाईल" म्हणणाऱ्यांना नेमकं काय वाया जाईल ते विचार. विदर्भात शाळा जूनमध्ये थोड्या उशिरा उघडतात, तेवढा वेळ घर लावायलाही मिळतो. दाखल्याबरोबर ऑनलाइन पोर्टलवर तुझी नोंद नव्या शाळेकडे वर्ग झाली की नाही ते बाबांना बघायला सांग, कारण कागद हातात असतो आणि नोंद जुन्या शाळेतच अडकून राहते.

बाबा एकटे जातील आणि शनिवार-रविवार येतील, हा काकांचा मार्ग मला अजिबात पटत नाही. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण खुला झाला हे खरं, पण नागपूर नाशिकहून 600 किलोमीटरच्या वर आहे. सुरुवातीला दर आठवड्याला येतील, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. माझ्या वर्गात अशी मुलं असतात. दहावीचं वर्ष म्हणून घर दोन ठिकाणी होतं, मग अकरावी-बारावी आलीच, मग प्रवेश परीक्षा. तात्पुरती म्हणून केलेली सोय चार वर्षं चालते. मार्क त्यामुळे वाढल्याचं मला दिसलेलं नाही. पालकसभेला एकटी आलेली, थकलेली आई मात्र दिसते. तुझ्या आईला कुठे राहायचंय, हे घरात कुणी विचारलंय का? तू विचार.

आमचे मामा आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, "तेव्हा माझ्याकडं राहिली असतीस तर मेडिकलला गेली असतीस." मामा, मला मेडिकलला जायचंच नव्हतं. मला दहावीला चांगले मार्क मिळाले, परभणीतल्या शाळेत मिळाले, आणि रोज रात्री बाबांबरोबर जेवून मिळाले. तुमच्या घरी मी चार पुस्तकं जास्त पाठ केली असती, पण परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या उशाशी बाबा बसले नसते.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहिते. बदलीचा हुकूम दिवाळीच्या पुढे, दहावीचं वर्ष अर्धं झाल्यावर आला, तर माझं उत्तर बदलेल. तोवर बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज शाळेतून भरले जातात, तेव्हा मार्चपर्यंत तिथेच थांबा आणि परीक्षा झाली की निघा. बदली राज्याबाहेर असती तरी मी दहा वेळा विचार करायला सांगितलं असतं. मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात, केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती सोडल्या तर. नाशिक-नागपूरला तो प्रश्न येत नाही. मेडिकलच्या 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना राखून ठेवणारा विभागवार 70:30 चा कोटाही 2020 मध्ये रद्द झाला. घरात कुणाचं आजारपण असेल, कुणाचे उपचार नाशिकला चालू असतील, तर शाळेपेक्षा ते आधी.

मोबाईलबद्दल विचारलंस, त्यावर मला विशेष काही सांगायचं नाही. नव्या गावात पहिले दोन महिने जुन्या मित्रांशी बोलायला तो लागेलच.

वाचनालयाचं कार्ड नाशिकला बंद करताना अनामत परत घे, पावती जपून ठेवली असशील तर. नागपूरला पहिल्याच आठवड्यात नवीन कार्ड काढ. आणि शाळा ठरवण्याआधी बाबांना दोन गोष्टी फोन करून विचारायला सांग: दहावीला सेमीची तुकडी आहे का, आणि तुझं संपूर्ण संस्कृत असेल तर ते तिथे शिकवतात का. बऱ्याच शाळांत फक्त संयुक्त, म्हणजे अर्धं हिंदी आणि अर्धं संस्कृत असतं, आणि ते जूनमध्ये वर्गात बसल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.