वाचकांचे प्रश्न : बोट भलत्याच बटणावर का पडतं?

प्रश्न : आमच्या वेबसाइटचं पहिलं पान मोबाइलवर फार सावकाश उघडतं. वाचायला सुरुवात करावी तोच मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. पानाच्या माथ्यावर पाच मोठ्या फोटोंची सरकती पट्टी आहे. दोष तिचाच का?

उत्तर : उशीर बहुधा तिच्यामुळे होतो, मजकूर सरकण्याचं कारण वेगळं आहे. फोटोची उंची आधी कळली नाही तर ब्राउझर त्याच्यासाठी जागाच ठेवत नाही. मजकूर वर मांडून होतो, मागाहून फोटो येतो आणि सगळं खाली ढकलतो. म्हणून प्रत्येक इमेज टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या फोटोच्या ओळीत, फोटोची मूळ रुंदी आणि उंची, दोन्ही आकडे लिहा. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’ ठेवा. मग पडदा कितीही लहान असो, ब्राउझर त्या आकड्यांवरून प्रमाण काढून जागा राखून ठेवतो. जाहिराती आणि उशिरा येणाऱ्या सूचनापट्ट्याही असाच धक्का देतात. त्यांच्या चौकटींना किमान उंची द्या.

आता वेग. कॅमेऱ्यातला ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो जसाच्या तसा चढवला असेल, तर मोबाइलला गरज नसलेला डेटा उतरवावा लागतो. एकाच फोटोच्या ४८०, ८०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) प्रती करा आणि ‘सोर्ससेट’मध्ये, म्हणजे इमेज टॅगमधल्या प्रतींच्या यादीत द्या, योग्य प्रत ब्राउझर निवडतो. पाच फोटोंचा हट्ट मात्र सोडाच. दुसरा फोटो सरकत येईपर्यंत पाहुणा खाली गेलेला असतो. एक चांगला फोटो आणि त्याखाली नेमकं एक वाक्य पुरेसं आहे.

इथे एक चूक हमखास होते. ‘लेझी लोडिंग’, म्हणजे फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं, चांगलं म्हणून ते सरसकट सगळ्या फोटोंना लावलं जातं, अगदी माथ्यावरच्यालाही. त्यामुळे सर्वांत आधी दिसायला हवा तोच फोटो मागे पडतो. ते फक्त खालच्या फोटोंना लावा.

फरक पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग-चाचणीवर मोजा. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, सरकण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. तिथली प्रयोगशाळेतली चाचणी पान उघडतानाचंच सरकणं मोजते. खाली जाताना बसणारे धक्के तिच्यात येत नाहीत, ते स्वतः साध्या फोनवर पाहावे लागतात.

प्रश्न : मजकूर फिकट करड्या रंगात, अक्षरांमध्ये अंतर सोडून मांडला आहे. दिसतो देखणा, पण वाचवत नाही अशी तक्रार येते.

उत्तर : तक्रार रास्त आहे. अक्षरांमधलं अंतर शून्य करा. रोमन लिपीत ते खपतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. आपल्याकडे वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट तरी हवी. आकार १८ पिक्सेल ठेवा.

रंगाचा नियम वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे : मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १, आणि २४ पिक्सेलपासून पुढच्या मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर ९९९९९९ कोडचा करडा जेमतेम २.८५ भरतो, ७६७६७६ कोडचा ४.५४. म्हणजे दुसरा काठावर उत्तीर्ण. लांब मजकुराला त्याहूनही गडद घ्या.

पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी नोंदवलेली आहे ना, तेही पाहा. तयार साच्यात ती बहुधा इंग्रजीच राहते. मग पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चुकीचा आवाज निवडतं, आणि मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टांत आहेत, तिथेही ते उमटत नाहीत.

प्रश्न : चौकशीचा ११ रकान्यांचा फॉर्म लोक अर्धवट सोडतात.

उत्तर : उत्तर द्यायला जे लागत नाही ते काढा. नाव, फोन किंवा ईमेल आणि प्रश्न, एवढंच उरेल. रकान्याचं नाव आत फिकट अक्षरांत नको, वर हवं. आतलं नाव टाइप करताच नाहीसं होतं आणि काय लिहायचं होतं तेच आठवत नाही. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर सफारी पान मोठं करते. फोनच्या रकान्याचा प्रकार ‘टेल’ ठेवा, म्हणजे आकड्यांचा कळफलक उघडतो. मधली मोकळी जागा, अधिक चिन्ह आणि देवनागरी आकडेही स्वीकारा. ‘९’ लिहिला म्हणून नंबर चुकीचा ठरवणारे फॉर्म खरोखरच आहेत. चूक झाली तर त्या रकान्यापाशीच सांगा आणि भरलेलं काहीही पुसू नका.

प्रश्न : बदल जमले की नाही, हे कसं कळेल?

उत्तर : वेबसाइट कधीच न पाहिलेल्या पाच जणांना एकेक करून बसवा. ‘फी किती ते शोधा’, ‘चौकशी पाठवा’ अशी कामं द्या, मत विचारू नका. मदतही करू नका. बोट कुठे अडखळतं, तेवढं टिपून घ्या.