झरा आधी मोज, कुदळ मग उचल

सप्रेम नमस्कार,

सह्याद्रीतल्या वाड्यांमध्ये पाण्याचं काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि त्याच वाडीत एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात. बंधारा कुठे घालायचा हा प्रश्न तुला पहिल्याच बैठकीत विचारतील. उत्तर देण्याची घाई करू नकोस. एक उन्हाळा नुसता झरा मोज.

दहा लिटरची बादली आणि घड्याळ एवढं पुरतं. पाणी पसरून येत असेल तर चिकणमातीचा छोटा आडवा बांध घालून ते पाइपाच्या तुकड्यातून काढ. धार एकसारखी झाली की तीनदा बादली भर आणि सरासरी घे. बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर, म्हणजे दिवसाला 7,200 लिटर. माणशी 55 लिटर धरले तर 130 माणसांचं पाणी झालं. तरीही त्या वाडीत भल्या पहाटे हंड्यांची रांग दिसेल, कारण रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात 2,700 लिटर पाणी ओढ्याला लागतं. तिथे नवा उद्भव शोधण्यापेक्षा झऱ्याच्या खालच्या अंगाला पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी बांधली तर निम्मं दुखणं तिथेच संपतं. धार मिनिटाला एका लिटरवर आली असेल तर मात्र टाकीने भागणार नाही, वरच्या डोंगराकडे बघावं लागेल. मोजणी महिन्यातून एकदा, मार्चपासून पावसापर्यंत दर पंधरवड्याला. कुठला झरा कधी आटतो हे पाणी भरणाऱ्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. तुझे आकडे त्यांना दाखवून पडताळ.

मग डोंगर चढ. आपला डोंगर म्हणजे लाव्ह्याच्या थरांची भाकरीसारखी चवड आहे. काही थर भेगाळलेले, बारीक छिद्रांचे. त्यांतून पाणी मुरतं. काही घट्ट, काळे. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो. मुरलेलं पाणी घट्ट थरावर किंवा या तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकत उतारावर बाहेर पडतं. म्हणूनच एका उंचीवर तीन-चार झरे रांगेने सापडतात. झऱ्यामागचा दगड हाताने चाचपून बघ, तोच थर डोंगरभर शोध, आणि त्याच्या वर पाणी मुरायला सपाटी कुठे आहे ते कागदावर काढ. ती सपाटी बऱ्याचदा शेजारच्या गावाच्या हद्दीत निघते, कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही. झऱ्याच्या अगदी डोक्यावर चर खोदून काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

चर सपाटीवर आणि हलक्या उतारावरच घे, 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. दहा मीटर चरात एका भरण्याला 1,800 लिटर पाणी मावतं. पातळी डोळ्याने ठरवू नकोस. गवंड्याची पाण्याची नळी वापर. पातळी चुकली की सगळं पाणी खालच्या टोकाला गोळा होतं, चर फुटतो आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते. म्हणून दर दहा मीटरवर हातभर जमीन न खोदता सोड. माती उताराच्या बाजूला टाक, पण चराच्या काठापासून वीतभर अंतर राखून. उघड्या कातळाच्या सड्यावर चर नकोच, झाडंही नकोत. तिथलं गवत आणि पावसाळी फुलझाडं यांनाच राहू दे.

तीव्र उतारावर, जिथे कातळावर मातीचा जाड थर आहे, तिथे कुदळ अजिबात लावू नकोस. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळीये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी दरड कोसळली. पाण्याने जड झालेली माती उतारावरून सुटते, तेव्हा माणसांना पळायला मिनिटंही मिळत नाहीत. अशा उतारावर पाणी मुरवायचं नसतं, दगडी चाऱ्यांनी बाजूला काढायचं असतं. ऐन पावसात झरा अचानक गढूळ झाला किंवा थांबला, जमिनीला नवी भेग गेली, झाडं कलली, तर पंचनाम्याची वाट न पाहता त्याच दिवशी वाडी हलवायची. हे पोलीस पाटील आणि वाडीतल्या जाणत्यांशी मे महिन्यातच बोलून ठेव. कुठल्या शाळेत जायचं तेही तेव्हाच ठरव.

झऱ्याच्या डोळ्याला, म्हणजे पाणी जिथून फुटतं त्या तोंडाला, जपायला हवं. धार वाढवायची म्हणून तो पहारीने मोठा करतात, नाहीतर समोर भिंत घालून पाणी उंच चढवतात. मागे दाब आला की पाणी दुसरी भेग धरतं आणि झरा कायमचा हातचा जातो. टाकीकडे जाणारा पाइप डोळ्याच्या पातळीखालीच हवा. डोळ्याभोवती धुतलेले गोटे भर आणि वर झाकण घाल. जादा पाणी गुरांच्या हौदात सोड, आणि हौद पुरेसा लांब ठेव. भेगाळ दगडात घाण दूरवर जाते, त्यामुळे शौचालयाचा खड्डा झऱ्याच्या वरच्या अंगाला नको. पाणी जंतू तपासणीच्या एचटूएस (H2S) बाटलीत भरून 24 ते 48 तास ठेव. काळं झालं तर विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता आहे. सपाटीवर कूपनलिका मारायचा ठराव आला तर थर दाखवून समजाव, कारण ती खालच्या झऱ्याचंच पाणी ओढेल.

मुरण्याची जागा वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा, 2006 मधलं कलम 3(2) वाच. ग्रामसभेची शिफारस असेल तर एक हेक्टरपेक्षा कमी जागा पाणी साठवण किंवा पिण्याच्या पाइपलाइनसाठी मिळू शकते. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, होळीच्या आधी काढून घ्या. गवत जळालं की पहिल्याच सरीत माती वाहून चर बुजतात.

जूनपर्यंतचे आकडे आणि थरांचा कच्चा नकाशा पाठव. चर कुठे घ्यायचे ते त्यावरून ठरवू.