'आस्क'च्या पुढे 'टू' का नको? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मुलगा सातवीला आहे, सेमी इंग्लिश. निबंधात त्याने 'आय आस्क्ड टू माय ग्रँडफादर' लिहिलं, बाईंनी 'टू'वर लाल काट मारली आणि समजावलं काहीच नाही. मी म्हटलं 'आजोबांना विचारलं' यात 'ना' आहे म्हणजे 'टू' पाहिजेच, मिस्टर म्हणतात नको. 'सेड टू' चालतं मग 'आस्क टू' का नाही? घरात दोन दिवस हाच विषय चालू आहे. (एक आई, सांगली)

उत्तर : मिस्टर बरोबर आहेत, सॉरी! पण चूक तुमची नाही, आपल्या 'ला'ची आहे. शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा, द्वितीयेला स-ला-ते आणि चतुर्थीला पुन्हा तेच स-ला-ते, आपण तेव्हा घोकलं आणि सोडून दिलं. आता 'आईने मुलाला मारलं' आणि 'आईने मुलाला लाडू दिला' ही दोन वाक्यं बघा. 'ला' दोन्हीकडे सेम, पण 'मारलं'चं इंग्रजी करताना 'हिट टू द बॉय' कोणी म्हणत नाही आणि लाडू मात्र 'गेव्ह अ लाडू टू द बॉय' असा देता येतो. म्हणजे मराठीतला प्रत्येक 'ला' इंग्रजीत 'टू' होत नाही, आणि 'आस्क' हे त्या 'मारलं'च्या रांगेतलं आहे, त्याच्यापुढे माणूस सरळ येऊन बसतो. आस्क हिम, आस्क युवर ग्रँडफादर, बस.

मी वर्गात एक युक्ती सांगायचे. वाक्य उलटं करून बघायचं, माणूस पुढे घेऊन. 'आय वॉज आस्क्ड', होतं. 'आय वॉज टोल्ड', होतं. 'आय वॉज सेड'? नाही होत. म्हणून आस्क आणि टेलला 'टू' नको, 'से'ला हवं. 'एक्स्प्लेन'ही 'से'च्या बाजूचं, म्हणून 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन टू मी'. (ऑफिसात 'आय वॉज एक्स्प्लेन्ड' सर्रास ऐकू येतं आपल्याकडे, पण मुलाला पेपरात लिहू देऊ नका.)

मुलं गोंधळतात त्याला अजून एक कारण आहे, 'आस्क'च्या आसपास 'टू' फिरत असतंच. 'आय आस्क्ड हिम टू लीव्ह' म्हणजे मी त्याला जायला सांगितलं, आणि 'आय आस्क्ड टू लीव्ह' म्हणजे मी स्वतः जायची परवानगी मागितली, मधला एक 'हिम' गेला की जाणाराच बदलला! 'आय आस्क्ड हिम टू डिनर' म्हणजे जेवायला बोलावलं. पण तिन्हीकडे 'टू' माणसाला चिकटलेलं नाही, पुढच्या कामाला नाहीतर जेवणाला चिकटलंय. हे मुलाला वहीत अधोरेखित करून दाखवा, एकदा दिसलं की विसरत नाहीत पोरं.

'आस्क अ क्वेश्चन टू द मिनिस्टर' टीव्हीवर रोज ऐकाल. 'पुट अ क्वेश्चन टू द मिनिस्टर' बरोबर आहे, बहुतेक त्याचंच 'टू' इकडे सरकत आलं असावं. तुम्ही आपलं 'आस्क द मिनिस्टर अ क्वेश्चन' म्हणा.

प्रश्न : क्लायंटला मेल टाकला, 'आय आस्क्ड द फाइल फ्रॉम युवर टीम'. मॅनेजरने बदलून 'आय आस्क्ड युवर टीम फॉर द फाइल' केलं. 'फॉर' म्हणजे 'साठी' ना? मी फाइलसाठी काही विचारलंच नव्हतं, फाइल मागितली होती. (आयटीतला एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय की! मराठीत 'विचारणे' वेगळं आणि 'मागणे' वेगळं, आपण कधी 'मी त्याला पैसे विचारले' म्हणून हात पुढे करत नाही. इंग्रजीकडे रोजच्या बोलण्यात दोन्हीला मिळून एकच 'आस्क', मग कळणार कसं? ते काम 'फॉर' करतं. 'आय आस्क्ड द प्राइस' म्हणजे भाव विचारला, 'आय आस्क्ड फॉर द बिल' म्हणजे बिल मागितलं. इथे 'फॉर'चं भाषांतर 'साठी' करायचंच नाही, 'आस्क फॉर' दोन्ही मिळून 'मागणे' असं एकच क्रियापद धरा. माणूस पहिला आणि मोकळा, वस्तू नंतर आणि तिच्याआधी 'फॉर'. आस्क हर फॉर द फाइल.

तुमचं 'फ्रॉम' कुठून आलं तेही दिसतंय, 'टीमकडून मागितली' मधल्या 'कडून'मधून. हिंदीवाल्यांना तर विचारायलाही 'से' आणि मागायलाही 'से', म्हणून ते बिचारे 'आस्क फ्रॉम हिम' म्हणतात आणि आपण 'आस्क टू हिम' म्हणतो. एका टेबलावर दोघं बसले की कोण कुठला ते लगेच कळतं :)

थोडे शब्द 'फॉर'शिवायही मागता येतात. आस्क परमिशन, आस्क अ फेवर, आस्क हिज अ‍ॅडव्हाइस. पैसे, मदत, रजा, चहा यांना मात्र 'फॉर' लावाच.

आणि एक गंमत, पैसे किंमत म्हणून आले की सगळं उलटं होतं. 'ही इज आस्किंग फॉर्टी थाउजंड फॉर द बाइक', म्हणजे बाइक विकायची आहे आणि ४० हजार सांगतोय, 'फॉर' बाइकला लागलं. 'ही इज आस्किंग फॉर द बाइक' म्हणजे तुमची बाइक मागतोय, चावी लपवा. जाहिरातीतली 'आस्किंग प्राइस' ती हीच, मालकाने तोंडाने सांगितलेली, शेवटी व्यवहार कितीत होईल ते वेगळं.

मेल लिहिता म्हणून अजून एक सांगते. 'रिक्वेस्ट' आणि 'डिमांड' नाम म्हणून आले तर 'फॉर' घ्या, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह. क्रियापद असेल तर नको, आय रिक्वेस्टेड लीव्ह. 'रिक्वेस्टेड फॉर' आपल्याकडे इतकं रुळलंय की खोडणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात, तरी मी खोडते.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तब्येत बरी नव्हती म्हणून चार दिवस खाली उतरलो नाही. नंतर शेजारच्या बाई म्हणाल्या, 'वुई वर आस्किंग आफ्टर यू'. माझ्यामागे काय चौकशी चालली होती यांची? (एक आजोबा, बोरिवली)

उत्तर : काका, घाबरू नका, बाई भल्या आहेत. 'आस्क आफ्टर' म्हणजे ख्यालीखुशाली विचारणं. काका कसे आहेत, बरं वाटतंय का, एवढंच. 'आफ्टर'चा इथे 'मागे'शी संबंध नाही.

दचकायचं ते दुसऱ्या ठिकाणी. समजा वॉचमन म्हणाला 'समवन वॉज आस्किंग फॉर यू', तर कोणीतरी तुम्हाला भेटायला आलं होतं, आजोबा आहेत का म्हणून. आणि 'समवन वॉज आस्किंग अबाउट यू' म्हणाला तर कोणीतरी तुमची माहिती काढत होतं, किती वर्षं राहतात, काय करतात, असली. आमच्या सोसायटीत एकदा वॉचमनने 'अबाउट' म्हणून निरोप दिला आणि मी दिवसभर टेन्शनमध्ये, संध्याकाळी कळलं की कुरिअरवाला होता, सही हवी होती. एका शब्दाने दिवस खाल्ला माझा.

'ऑफ' पण लागतं, पण ते जरा भारदस्त, एखाद्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवण्याचं. केनेडींचं २० जानेवारी १९६१ चं शपथविधीचं भाषण, देशाने तुमच्यासाठी काय करावं ते विचारू नका वगैरे, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यात गंमत बघा, 'व्हॉट युवर कंट्री कॅन डू फॉर यू' मधलं 'फॉर' हे 'डू'चं आहे, 'आस्क'चं नाही. आणि त्याच भाषणाच्या शेवटी 'विच वुई आस्क ऑफ यू' आहे, जे आम्ही तुमच्याकडून मागतो ते. रोजच्या बोलण्यात 'यू आर आस्किंग टू मच ऑफ हिम' एवढं आलं तरी पुष्कळ.

प्रश्न : हॉलीवुडच्या पिक्चरमध्ये काही जण 'आक्स' म्हणतात, ते अडाणी इंग्रजी ना? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : अजिबात नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद दोन्ही प्रकारे होतं, 'स्क'वालं आणि 'क्स'वालं. कव्हरडेल नावाच्या अनुवादकाच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'अ‍ॅक्स, अँड इट शॅल बी गिव्हन यू' असंच छापलंय, १६११ च्या किंग जेम्स प्रतीत तिथे 'आस्क' आलं. मराठी बायबलमध्ये या जागी 'मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल' आहे, 'विचारा' नाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी बरोबर पकडलं. तुम्ही परीक्षेत 'आस्क'च म्हणा, पण म्हणणाऱ्याला हसू नका.

प्रश्न : 'आम्हाला आता घरात कोणी विचारत नाही' याचं इंग्रजी 'नोबडी आस्क्स अस' होईल का? (नाव नको, कोल्हापूर)

उत्तर : नाही होणार, ऐकणारा 'आस्क्स यू व्हॉट?' म्हणेल. 'नोबडी बॉदर्स विथ अस' म्हणा. मान राहिला नाही असं म्हणायचं असेल तर तेही पूर्ण उतरत नाही त्यात, तिथे मला अजून चांगला शब्द सापडलेला नाही. नाव का नको लिहिलंत ते कळलं.