वरचा थर देवगडचा, खालचा कर्नाटकचा

राजापूरचे एक वाचक कुवेतची नोकरी संपवून गावी आलेत. गाठीला ८ लाख आहेत. मेहुणे वाशीला आंबा पाठवतात. ते म्हणतात, सगळे माझ्या धंद्यात घाला, हंगाम कसाही जावो, जूनमध्ये सव्वा लाख वर देतो. पेटीवर 'देवगड हापूस', पण खालच्या थरात कर्नाटकचा आंबा. 'सगळेच करतात.' पैसे घालावेत का?

या अटींवर एक रुपयाही नको, भाई.

आधी पेटीचं बोलू. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली, ही हदीस तुम्हाला ठाऊक असेल. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. पैगंबर म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो माझा नव्हे. मेहुण्यांची पेटी म्हणजे तीच रास. कर्नाटकच्या आंब्यात वाईट काही नाही, त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने खुशाल विका. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे खोटं नाव छापणं कायद्यातही अडकवतं. तिथे 'सगळेच करतात' चालत नाही.

आता सव्वा लाख. तोटा झाला तरी ठरलेली रक्कम मिळणार असेल तर ते व्याजच, नफा म्हटल्याने हलाल होत नाही. आणि मोहर गळला, अवकाळी पाऊस आला, तर हा शब्द मेहुणे पाळणार कशातून?

मुदारबा करा, म्हणजे भांडवल तुमचं, मेहनत त्यांची अशी भागीदारी. नफ्यातला हिस्सा आधी ठरवा, समजा तुमचे साठ टक्के, त्यांचे चाळीस. तोटा आला तर तो तुमच्या भांडवलातून जाईल, त्यांची मेहनत फुकट जाईल. त्यांनी हयगय किंवा लबाडी केली तरच भरपाई त्यांच्याकडे. म्हणून बुडाले तरी घर चालेल एवढेच घाला. माझ्या मते २ लाख, तेही पेटीवर खरं नाव छापणार असतील तर. आणि लिहून घ्या. सोयरिकीत कागद मागायला जीभ रेटत नाही, पण कुरआनातली सूरह बकराची २८२वी आयत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहायला सांगते. तीच पुढे करा.

उरलेल्यातून वर्षभराचा घरखर्च चालू (करंट) खात्यात ठेवा, तिथे व्याजाचा प्रश्नच येत नाही. बाकीचे पाच-सात वर्षं लागणार नसतील तरच शरियतच्या निकषांवर शेअर निवडणाऱ्या म्युच्युअल फंडात, थोडे थोडे करून. टाटा एथिकल त्यातलाच. चढउतार तिथेही असतात.

आणि हो, कायमचे परत आला असाल तर बँकेत जाऊन एनआरई खातं, म्हणजे परदेशी असतानाचं अनिवासी भारतीयाचं खातं, निवासी करून घ्या. हे बरेच जण विसरतात.