पोराला गणित येत नाही, अजून एक क्लास लावू का?

पाचवीतला मुलगा, इंग्लिश मिडीयम, घरी मराठी. आई बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, याचं गणितात डोकंच नाही हो, दोन क्लास झाले, आता तिसरा लावू का?" परीक्षेचे पेपर हातात आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. पोरगा आपला बुटाच्या लेसशी खेळत होता.

मी म्हटलं क्लासचं नंतर बघू, आधी वह्या दाखवा.

५२ वजा २७, उत्तर ३५. ६३ वजा ४८, उत्तर २५. ८१ वजा ३६, उत्तर ५५. सगळीकडे लाल फुल्या आणि खाली शेरा, सिली मिस्टेक्स. अहो पण हे सिली अजिबात नाहीये, नीट बघा, वरचा कोण खालचा कोण न बघता प्रत्येक वेळी त्याने मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केलाय. चुकीचा का होईना पण नियम आहे आणि तो इमानदारीत पाळतोय, मग अशी शंभर गणितं करून घेतली तर चूकच पक्की होणार ना.

मी त्याला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली, म्हटलं मला सत्तावीस, ट्वेंटी सेव्हन दे. दोन नोटा दिल्या आणि थांबला. "सुट्टे लागतील." दिले. उरले २५. मग त्याचं ३५ वालं गणित पुढे ठेवलं, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "इथे मी नोट मोडलीच नाही."

दुसरा घोळ घरातला. बाबा रात्री गणितं मराठीत सांगायचे, एकोणसाठ म्हटलं की हा लिहायचा ६९, कारण कानावर साठ पडतं. मग "लक्ष कुठंय तुझं" आणि रडारड. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, मलाही ते कानाला खटकतं, पण अडचण खरी आहे हो.

आईने डिस्कॅल्क्युलियाचंही विचारलं, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातलीच अडचण. असू शकतो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटीत तोही धरलाय, पण मी घाईने लेबल लावत नाही, म्हटलं काही महिने असं शिकवून फरक नाही पडला तर टेस्ट करू.

चौथ्या वेळी परिमिती आणि क्षेत्रफळ, त्याला दोन्ही एकच वाटायचं. माझ्या केबिनची फरशी ८ बाय ६, चौकोनी लाद्या. सगळ्या मोजल्या, ४८. मग भिंतीच्या कडेकडेच्या मोजल्या तर भरल्या २४, आणि सूत्राने परिमिती येते २८. मी गप्प बसले. हा परत गुडघ्यावर, कोपऱ्यात बोट ठेवून, "मॅडम, कोपऱ्यातल्या लादीच्या दोन बाजू भिंतीला लागतात! चार कोपरे, चार जास्त!"

आई मोबाईल पर्समध्ये टाकून स्वतःच मोजायला लागली.