नवे टायर पुढे की मागे? आणि पावसाचं बाकी थोडं

पावसाआधी कोणते टायर बदलू, असं तुम्ही विचारलंत. तुमचं चित्र असं: ठाण्यातल्या कासारवडवलीपासून नवी मुंबईतल्या महापेपर्यंत रोजचा प्रवास, हॅचबॅक, टायर पाच वर्षांचे आणि ४२ हजार किलोमीटर फिरलेले, परवाच्या सरीत ब्रेक दाबल्यावर गाडी थोडी घसरली. टायरवाला म्हणतोय, पुढचे दोन बदला, मागचे अजून एक पावसाळा काढतील.

बजेट दोनचंच असेल तर दोन घ्या, पण ते मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. असं सांगितलं की टायरवाले माझ्याकडे मी चपला उलट्या घालून आल्यासारखं बघतात. त्यांचं म्हणणं, इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांची, स्टीअरिंग पुढे, मग नवं रबर मागे कशाला? ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायची सोडून सरळ जाते. पोटात गोळा येतो, पण ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा ती पुन्हा ऐकायला लागते. मागच्या चाकांची सुटली तर गाडीचं बूडच फिरतं, आणि तेव्हा लागणारं उलटं स्टीअरिंग ऐनवेळी सुचत नाही.

मला सुचलं नव्हतं. नवी मुंबईत पाम बीच रोडवर बेलापूरकडे चाललो होतो, पुढे कोरे टायर, मागे गुळगुळीत, वेग सत्तरच्या आसपास. हलक्या वळणावर साचलेल्या पाण्याचा पट्टा आला. पुढची चाकं त्यातून निवांत गेली, मागची गेली नाहीत. समोरच्या काचेत रस्त्याऐवजी दुभाजकावरची झाडं दिसली आणि गाडी आडवी होऊन थांबली. मागून येणारी एनएमएमटीची (नवी मुंबई परिवहनची) बस लांब होती, एवढंच नशीब. त्या दोन कोऱ्या टायरांचं बिल अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

अट एकच, पुढे आणलेले जुने टायरही धडधाकट हवेत. खोबणीत बोट घाला, तळाशी आडवे छोटे उंचवटे लागतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली, म्हणजे कायद्यानेही टायर संपला. नव्या टायरला साधारण ७-८ मिमी असते. माझा स्वतःचा नियम, मे महिन्यात ३ मिमीच्या खाली असेल तर जूनची वाट बघायची नाही. खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं. मागचेही त्याच्या खाली असतील तर मात्र चारही बदला, उगाच पुढे-मागे करत बसू नका.

टायरच्या कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. २३२० म्हणजे २०२० सालचा २३वा आठवडा. नवे घेतानाही हे बघा, गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल कोरा दिसतो, ताजा असेलच असं नाही.

कंपनीवरून मी वाद घालणार नाही. मधल्या उभ्या खोबण्या रुंद आणि खोल हव्यात, कारण पाणी तिथूनच निघून जातं. युरोपातलं लेबल लावलेला टायर असेल तर पावसाच्या चित्रासमोर ए किंवा बी आहे का ते बघा. निव्वळ मायलेजचा डंका वाजवणारा टायर ओल्यात कसा थांबतो, हे आधी विचारा. आणि दिसायला भारी म्हणून एक साईज रुंद टायर टाकायचा मोह टाळा. पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. टायरच्या कडेवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने बसवलाय ना, हे दुकानातच तपासा. दोनदा मला उलटा बसवून मिळालाय.

हवेबद्दल एक खुळ आहे, ‘पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते’. चिखलात ठीक, डांबरावर उलटं. नासाच्या संशोधनातून आलेलं एक ठोकताळ्याचं सूत्र आहे, त्याप्रमाणे गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरल्यावर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २५ पीएसआयला ८३. म्हणजे हवा कमी केली की ताशी १२ किलोमीटर कमी वेगालाच पाय सुटले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तेवढीच हवा भरा, तीही सकाळी टायर थंड असताना.

तुमच्या वाटेचं सांगायचं तर घोडबंदर रोडवर पहिल्या सरीचा अर्धा तास सगळ्यात वाईट. कंटेनर-डंपरचं सांडलेलं तेल आणि धूळ मिळून काला होतो. पांढरे पट्टे आणि खड्ड्यांवर टाकलेले लोखंडी पत्रे यांच्यावर ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकचं पेडल थरथरतं, घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाणाऱ्यांचं काय करावं कळत नाही, लेन बदलताय हे मागच्याला कसं समजणार? डिप लाइट पुरे.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं तर समोरची बस गेली म्हणून तुम्ही जाऊ नका. अर्ध्या चाकाच्या वर पाणी दिसलं की ऐरोलीवरून वळसा घाला, दहा-वीस मिनिटं जातील. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवे टायर टाकल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जरा सांभाळून. नव्या रबरावर कारखान्यातला बुळबुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. त्यामुळे टायर पाऊस चालू असताना नाही, उघडीप बघून टाका.