हेलिकॉप्टरच्या दारातला माणूस

परंडा तालुक्यातून एका आईनं लिहिलंय: २०२५ च्या सप्टेंबरात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आलं, तेव्हापासून पोराचं एकच टुमणं, ‘मला त्या दारात बसून दोर सोडणारा व्हायचंय.’ पोरगा दहावीत आहे. वडिलांनी नीटसाठी लातूर ठरवलंय. काय करावं?

ताई, सगळे पायलटकडं बघतात, तुमच्या पोरानं दारातला माणूस टिपला. पायलटला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं दिसत नाही. दारातला माणूस वाकून बघतो आणि हेडसेटवर बोलत राहतो, ‘पुढं दोन मीटर, डावीकडं एक, थांबा’. त्याच्या बोलण्यावर हेलिकॉप्टर हलतं. मोठ्या मालवाहू विमानात असाच लोडमास्टर असतो, वजन कुठं किती ठेवायचं हे बघणारा. उसाची ट्रॉली चुकीची भरली की ट्रॅक्टरचं तोंड कसं उचलतं, हे पोरानं पाहिलेलंच असणार. तिथं हेच हवेत होऊ द्यायचं नसतं.

आता अडचणीचं बोलते. या जागेची थेट भरती नसते. आधी हवाई दलात वायुसैनिक व्हायचं, तांत्रिक कामात मुरायचं, मग स्वतःहून अर्ज आणि कडक वैद्यकीय तपासणी. आज आत जायची वाट अग्निवीरवायूची, म्हणजे हवाई दलातल्या अग्निवीर भरतीची. ती नोकरी चार वर्षांची, त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के पोरं पुढं कायम होतात. म्हणून एवढ्या एका वाटेवर पोराला सोडू नका.

दुसरी वाट एनडीएची, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तिथून पायलट व्हायची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. पायलटची निवड चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. तयारीला छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ही सरकारी संस्था १९७७ पासून चालू आहे आणि तिची प्रवेश परीक्षा दहावीच्याच वर्षात असते. म्हणजे यंदाच. अर्जाची तारीख शाळेत विचारून ठेवा.

त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन रंग नीट ओळखतो का ते तपासून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर उडायचं काम मिळत नाही, आणि बऱ्याच पोरांना हे थेट मेडिकलच्या दिवशी कळतं.

लातूरला जायचंच तर जाऊ द्या, फक्त अकरावीला गणित सोडू देऊ नका. जीवशास्त्रासोबत गणितही घेता येतं. अभ्यास वाढेल, कुरकुर होईल. वडिलांना एवढंच सांगा, गणित ठेवलं म्हणून नीट हातची जात नाही.